शत्रूवरील प्रेम आणि राष्ट्राचे हित : बिशप जॉर्ज बेल यांचा युद्धकाळ

मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनात येशूने शिष्यांना शत्रूवर प्रेम करण्याची आणि छळ करणाऱ्यांसाठी प्रार्थना करण्याची आज्ञा दिली आहे. ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात या आज्ञेइतकी वंदनीय मानली गेलेली आणि तितकीच अडचणीची ठरलेली आज्ञा दुसरी क्वचितच असेल. चौथ्या शतकात रोमन सम्राटांनी हा धर्म जवळ केला, तेव्हापासून ख्रिस्ती मनुष्य एकाच वेळी शिष्यही होता आणि राज्याचा प्रजाजनही. शत्रूवर प्रेम करा असे सांगणारा ग्रंथ आणि शत्रूशी लढा असे सांगणारा राजा, या दोघांचेही म्हणणे ऐकायचे तर कसे, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला. ऑगस्टीनने त्यावर तोड काढली ती अशी, की प्रेम ही अंतःकरणाची वृत्ती असावी. न्याय्य कारणासाठी राज्यकर्त्याने पुकारलेल्या युद्धात हात उचलावा लागला तरी मनात द्वेष नसावा. पुढे ल्यूथरने धर्मसत्ता आणि राजसत्ता यांची क्षेत्रे निराळी मानली. या सगळ्याचा व्यवहारात परिणाम एवढाच झाला, की शत्रुप्रेमाची आज्ञा हळूहळू घरगुती होत गेली. शेजाऱ्याशी, भाऊबंदांशी वैर धरू नये, एवढ्यापुरती ती उरली. सीमेपलीकडच्या शत्रूचा विचार राज्याने करावा, असे ठरून गेले.

या विभागणीला विसाव्या शतकात अतिशय तल्लख असे तात्त्विक रूप दिले ते कार्ल श्मिट या जर्मन कायदेपंडिताने. ‘राजकीय’ म्हणजे काय, याची चिकित्सा करणारा त्याचा निबंध १९२७ साली प्रथम प्रसिद्ध झाला आणि १९३२ साली त्याचे विस्तारित पुस्तक झाले. मित्र आणि शत्रू असा भेद करणे हेच राजकारणाचे व्यवच्छेदक लक्षण होय, हा त्याचा सिद्धांत. मग शुभवर्तमानातील आज्ञेचे काय करायचे? श्मिटचे उत्तर भाषिक आहे. लॅटिन बायबलात त्या ठिकाणी ‘इनिमिकुस’ हा शब्द येतो, ‘होस्टिस’ येत नाही. पहिल्याचा अर्थ खाजगी वैरी, दुसऱ्याचा अर्थ राष्ट्राचा शत्रू. सबब राष्ट्राच्या शत्रूवर प्रेम करावे असे येशूने सांगितलेलेच नाही. १९३३ च्या मे महिन्यात श्मिट नाझी पक्षाचा सभासद झाला.

शब्दाच्या आधारावर उभा केलेला हा युक्तिवाद साहित्याच्या अभ्यासकाने तपासून पाहावा असा आहे. मूळ ग्रीक संहितेत ‘एख्थ्रोस’ हा शब्द आहे आणि तो खाजगी वैऱ्यापुरता मर्यादित नाही. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात इस्राएलशी लढणाऱ्या राष्ट्रांसाठीही तोच वापरला आहे. शिवाय ज्या अध्यायात ही आज्ञा येते, त्याच अध्यायात वेठीस धरून कोसभर नेणाऱ्याबरोबर आणखी एक कोस जाण्याचा उपदेश आहे. त्या काळी वेठीस धरण्याचा अधिकार कोणाला होता? रोमन सैन्याला. परक्या फौजेच्या ताब्यातील देशात, त्या फौजेचे ओझे वाहणाऱ्या लोकांपुढे केलेल्या प्रवचनात ‘शत्रू’ या शब्दाचा अर्थ केवळ भांडखोर शेजारी असा होऊ शकत नाही.

परंतु श्मिटला शब्दकोशातून उत्तर देणे पुरेसे नाही. खरा प्रश्न आचरणाचा आहे. राष्ट्राच्या शत्रूवर प्रेम करायचे म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे? तेही युद्ध न्याय्य आहे असे स्वतःला पटलेले असताना? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनी या प्रश्नाला आपल्या कृतींतून जे उत्तर दिले, त्याचा, आणि त्या उत्तराला पडलेल्या मर्यादांचाही, येथे विचार करावयाचा आहे.

लॅम्बेथ आणि कँटरबरी

बेल यांचा जन्म १८८३ चा. ऑक्सफर्डमध्ये शिकत असताना १९०४ साली त्यांना कवितेचे न्यूडिगेट पारितोषिक मिळाले. त्या कवितेचा विषय होता ‘दिल्ली’. १९०७ साली त्यांनी धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली आणि १९१४ साली, पहिले महायुद्ध सुरू झाले त्याच वर्षी, ते कँटरबरीचे आर्चबिशप रँडल डेव्हिडसन यांचे चॅप्लन म्हणून लॅम्बेथ राजवाड्यात रुजू झाले. संपूर्ण युद्ध त्यांनी तेथून पाहिले. डेव्हिडसन शांततावादी नव्हते. परंतु जर्मनांनी विषारी वायू वापरला म्हणून आपणही वापरावा, त्यांनी लंडनवर बॉम्ब टाकले म्हणून आपणही त्यांच्या नागरिकांवर सूड उगवावा, या मागण्यांना त्यांनी विरोध केला. न्याय्य युद्धातही न्याय्य नसलेली कृती असू शकते, हा धडा बेल यांनी तेथे गिरवला. युद्धाच्या शेवटच्या वर्षात त्यांचे दोन धाकटे भाऊ मारले गेले. पुढे जर्मनांविषयी ते जे बोलले, ते युद्धाची झळ न लागलेल्या माणसाचे बोलणे नव्हते, हे यावरून ध्यानात यावे.

इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना बेल यांचे नाव भेटते ते बहुधा तळटीपेत. १९२४ साली ते कँटरबरीचे डीन झाले आणि चर्च व रंगभूमी यांच्यात पडलेले जुने अंतर मिटवण्याचा त्यांनी ध्यास घेतला. १९२८ साली जॉन मेसफील्ड यांचे नाटक त्यांनी थेट कँटरबरी कॅथीड्रलमध्ये करविले. १९२९ साली चिचेस्टरचे बिशप झाल्यावर त्यांनी ई. मार्टिन ब्राउन यांना धार्मिक नाट्याचे काम सोपवले, आणि कँटरबरीच्या महोत्सवासाठी टी. एस. एलियट यांच्याकडून नाटक लिहवून घेण्यातही त्यांचा पुढाकार होता. ते नाटक म्हणजे जून १९३५ मध्ये कँटरबरीच्या चॅप्टर हाउसमध्ये झालेले ‘मर्डर इन द कॅथीड्रल’. राजाच्या इच्छेआड येणारा आर्चबिशप टॉमस बेकेट, त्याला भेटणारी प्रलोभने आणि राजाच्या सरदारांनी केलेला त्याचा वध हा त्याचा विषय. पुढील दहा वर्षांत बेल यांच्या वाट्याला जे आले, त्याची ही नांदी होती, असे मागे वळून पाहताना वाटते.

वर्ध्याचे एक पत्र

१९३३ च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षाच्या शरद ऋतूत डीट्रिख बोन्हॉफर हे सत्तावीस वर्षांचे जर्मन पाळक लंडनमधील जर्मन मंडळीची सेवा करण्यासाठी आले. ज्यू वंशाच्या माणसाला चर्चच्या सेवेत स्थान नाही, असा नियम जर्मन प्रॉटेस्टंट चर्चवर लादला जात होता. बोन्हॉफर त्याला विरोध करणाऱ्यांच्या बाजूचे. बेल त्या वेळी आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती ऐक्याच्या चळवळीत महत्त्वाच्या पदावर होते. दोघांची मैत्री जमली आणि जर्मनीत काय चालले आहे याची खबर बेल यांना आतून मिळू लागली.

या मैत्रीचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. हिंसेच्या सत्तेशी झुंजायचे तर कसे, हे गांधींच्या सहवासात राहून शिकावे, अशी बोन्हॉफर यांची इच्छा होती. २२ ऑक्टोबर १९३४ रोजी बेल यांनी गांधींना पत्र लिहून त्यांची शिफारस केली. १ नोव्हेंबरला गांधींनी वर्ध्याहून बोन्हॉफर यांना उत्तर पाठवले. परतीच्या प्रवासाचा आणि येथील राहणीचा खर्च झेपत असेल तर हवे तेव्हा या, थंडीचे दिवस साधता आले तर बरे, आणि मी तुरुंगाबाहेर असलो तर माझ्याजवळ राहता येईल, असा त्या व्यवहारी आणि अगत्यशील पत्राचा आशय होता. बोन्हॉफर येऊ शकले नाहीत; १९३५ साली जर्मनीत परतून त्यांनी विरोधी चर्चच्या पाळकांचे प्रशिक्षण हाती घेतले. वर्ध्याला न आलेला हा प्रवासी पुढे हिटलरला मारण्याच्या कटात सामील झाला. हा विरोधाभास त्यांच्या अभ्यासकांना आजही अस्वस्थ करतो, आणि करावाच.

शत्रू कोण?

१९३९ च्या नोव्हेंबरमध्ये, युद्ध सुरू होऊन दोन-अडीच महिने झालेले असताना, बेल यांनी युद्धकाळातील चर्चच्या कर्तव्यावर एक लेख लिहिला. चर्च म्हणजे राज्याच्या सैन्याची आध्यात्मिक तुकडी नव्हे. राज्याची उद्दिष्टे तीच चर्चची उद्दिष्टे असे होऊ लागले तर चर्चने स्वतंत्रपणे अस्तित्वात असण्याचे कारणच उरत नाही, हा त्याचा गाभा. येथे हे स्पष्ट करणे आवश्यक आहे की बेल शांततावादी नव्हते. हिटलरचा पाडाव झालाच पाहिजे आणि त्यासाठी शस्त्र उचलावे लागेल, याविषयी त्यांना शंका नव्हती. त्यांचा प्रश्न त्याच्या पुढचा होता. शस्त्र उचलल्यावर शत्रू म्हणून आपण नक्की कोणाकडे बोट दाखवतो?

त्यांच्या युद्धकालीन सगळ्या कामाचे सूत्र या एका प्रश्नात सापडते. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडत असताना ब्रिटिश सरकारने देशातील जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांना सरसकट पकडून छावण्यांत ठेवण्यास सुरुवात केली. सुमारे २७ हजार लोक असे स्थानबद्ध झाले. त्यांतील बहुसंख्य लोक हिटलरच्याच छळाला कंटाळून पळून आलेले ज्यू आणि नाझीविरोधक होते. जर्मन पारपत्र हाच त्यांचा गुन्हा. बेल यांनी युद्धापूर्वी ज्यांना खटपट करून इंग्लंडात आणले होते, तेच पाळक आता इंग्रजांच्या तारेच्या कुंपणाआड होते. बेल लिव्हरपूलजवळच्या हायटन छावणीत आणि आयल ऑफ मॅनवर जाऊन त्यांना भेटले आणि ऑगस्ट १९४० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये त्यांनी हा प्रश्न मांडला. फ्रँकफुर्टहून निर्वासित होऊन आलेले ज्यू चित्रकार हान्स फायबुश यांना त्यांनी ससेक्समधील चर्चच्या भिंती रंगवण्याचे काम दिले. ज्यांची चित्रे नाझींनी ‘अधःपतित कला’ म्हणून प्रदर्शनात मांडून हिणवली, त्यांनाच एका बिशपने देवळाची भिंत दिली.

१९४१ साली रॉबर्ट व्हॅन्सिटार्ट यांच्या ‘ब्लॅक रेकॉर्ड’ या पुस्तिकेने इंग्लंडमध्ये खळबळ माजवली. नाझीवाद हा अपघात नसून जर्मन स्वभावाचाच परिपाक आहे, असे तिचे प्रतिपादन होते. ज्या देशावर रात्रीमागून रात्री बॉम्ब पडत होते त्या देशाला हे पटणे स्वाभाविकच. सप्टेंबर १९४० ते मे १९४१ या काळात ब्रिटनमध्ये हवाई हल्ल्यांत सुमारे ४३ हजार नागरिक मेले होते. बेल यांचा आक्षेप असा, की संपूर्ण राष्ट्र म्हणजेच त्याचे सरकार हे समीकरण मुळात हिटलरचे आहे. ते आपण स्वीकारले तर लढाईआधीच त्याचा विजय झाला. १० मार्च १९४३ रोजी त्यांनी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये सरकारला थेट विचारले, की हिटलरचे राज्य आणि जर्मन जनता यांत आपण भेद करता की नाही? लॉर्ड चॅन्सेलर सायमन यांनी भेद करतो असे उत्तर दिले. परंतु त्याच वर्षीच्या जानेवारीत कॅसाब्लांका येथे बिनशर्त शरणागतीची घोषणा झालेली होती आणि जर्मनीच्या शहरांवर रात्री उतरणाऱ्या बॉम्बना हा भेद कळत नव्हता.

३१ मे १९४२

या कथेतील एक तारीख विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. मे १९४२ मध्ये बेल तटस्थ स्वीडनच्या दौऱ्यावर गेले. ३१ मे रोजी, रविवारी, सिग्टुना या गावी अनपेक्षितपणे बोन्हॉफर त्यांच्यासमोर उभे राहिले. जर्मन लष्करी गुप्तचर खात्यातील विरोधकांच्या मदतीने ते बनावट कामगिरीवर तेथे आले होते. हिटलरला उलथवण्याचा कट शिजत आहे, असे सांगून त्यांनी जनरल लुडविग बेक, कार्ल गोर्डेलर आदी प्रमुखांची नावे बेल यांना दिली. विचारणा एवढीच होती, की हिटलर गेला आणि नवे सरकार आले, तर मित्रराष्ट्रे त्याच्याशी बोलणी करतील काय?

त्याच्या आदल्या रात्री ब्रिटनने हजाराहून अधिक विमानांनिशी कोलोन शहरावर हल्ला केला होता. आणि सिग्टुनाच्या भेटीनंतरच्या रात्री जर्मन विमानांनी त्याचा सूड म्हणून कँटरबरी भाजून काढले. ज्या शहराचे बेल डीन होते, जेथे बेकेटचे नाटक झाले होते, तेच कँटरबरी. दोन आगींच्या मधल्या दिवशी शत्रुराष्ट्रांतले दोन धर्मगुरू एका तटस्थ गावात बसून बोलत होते. शत्रुप्रेम या शब्दाला याहून ठोस रूप इतिहासात क्वचित मिळाले असेल.

या भेटीतील आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. याच सुमारास बेल यांना भेटलेले दुसरे जर्मन धर्माधिकारी हान्स शोनफेल्ड तहाच्या अटींविषयी बोलत होते. बोन्हॉफर यांचा स्वर वेगळा होता. जर्मनीला तिच्या कृत्यांचे प्रायश्चित्त घ्यावेच लागेल, शिक्षेपासून तिने सुटका मागू नये, असे त्यांचे म्हणणे. या वाक्याकडे आपल्याला पुन्हा यावे लागणार आहे.

इंग्लंडात परतल्यावर ३० जून रोजी बेल परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांना भेटले. १७ जुलैला ईडन यांचे उत्तर आले. निरोप आणणाऱ्यांच्या प्रामाणिकपणावर शंका न घेताही, त्यांना कोणतेही उत्तर पाठवणे राष्ट्रहिताचे होणार नाही, असे त्यात म्हटले होते. सरकारची बाजूही समजून घेतली पाहिजे. नोव्हेंबर १९३९ मध्ये हॉलंडच्या सीमेवर व्हेन्लो येथे बनावट ‘जर्मन विरोधकां’नी दोन ब्रिटिश हेरांना पळवून नेले होते. त्यामुळे अशा निरोपांवर विश्वास ठेवणे अवघड होते. शिवाय सोव्हिएत रशियाशी तह होऊन जेमतेम महिना झाला होता. मित्राच्या पाठीमागे शत्रूशी बोलणी केल्याचा संशय परवडणारा नव्हता. हा मूर्खपणा नव्हता, हे मुत्सद्देगिरीचे साधे गणित होते. म्हणूनच या संघर्षात एका बाजूला संत आणि दुसऱ्या बाजूला दुष्ट अशी मांडणी करता येत नाही. पुढे बेल यांच्या आग्रहाने त्रासलेल्या ईडन यांनी एका शेऱ्यात त्यांचा उपद्रवी पाद्री असा उल्लेख केला. दुसऱ्या हेन्री राजाने बेकेटविषयी काढल्याचे सांगितले जाणारे उद्गार ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना त्यातील ध्वनी सहज ओळखू येईल.

९ फेब्रुवारी १९४४

बेल यांची सर्वांत एकाकी घटका ती ही. १९४२ च्या फेब्रुवारीपासून ब्रिटिश बॉम्बर कमांडचे लक्ष्य विशिष्ट कारखाने न राहता संपूर्ण औद्योगिक शहरे आणि तेथील कामगार-वस्तीचे मनोधैर्य हे झाले होते. १९४३ च्या जुलैअखेर हँबर्गमध्ये लागलेल्या अग्निप्रलयात ३५ हजारांहून अधिक लोक मेले. सरकार जाहीरपणे लष्करी लक्ष्यांचीच भाषा बोलत होते.

बेल बोलायला उभे राहण्यापूर्वी लॉर्ड वूल्टन त्यांच्याजवळ आले. हे भाषण तुम्ही करू नये अशीच या सभागृहातील प्रत्येकाची इच्छा आहे, परंतु ख्रिस्ती धर्मगुरू म्हणून तुम्ही ते कर्तव्यबुद्धीने करीत आहात हेही प्रत्येकजण जाणतो, अशा अर्थाचे ते बोलले. बेल यांनी सरकारला विचारले, की शत्रूच्या शहरांवरील बॉम्बफेकीचे आपले धोरण नेमके काय आहे? लष्करी व औद्योगिक ठिकाणांवरील हल्ल्यांना आणि त्यांत अपरिहार्यपणे होणाऱ्या नागरिकांच्या मृत्यूला त्यांनी आक्षेप घेतला नाही. परंतु शहरात काही कारखाने आहेत म्हणून सगळे शहरच पुसून टाकणे म्हणजे साधन आणि साध्य यांतील प्रमाण नष्ट करणे होय. ज्या कायद्याच्या राज्यासाठी आपण लढत आहोत असे म्हणतो, त्या कायद्याला आपण स्वतः बांधलेले आहोत की नाही, हा त्यांचा मूळ मुद्दा. ल्यूबेक आणि हँबर्ग येथील वास्तू व ग्रंथसंग्रह यांच्या नाशाचाही त्यांनी हिशोब मांडला. सरकारतर्फे लॉर्ड क्रॅनबोर्न यांनी धोरणाचे समर्थन केले. धोरण बदलले नाही. वर्षभराने ड्रेस्डेन जळाले.

या भाषणाविषयी टीकाकारांचे म्हणणे लक्षपूर्वक ऐकण्यासारखे आहे. युद्ध संपेपर्यंत बॉम्बर कमांडचे ५५ हजारांहून अधिक वैमानिक व सहकारी मारले गेले. त्यांच्या घरच्यांना बिशपचे शब्द कसे वाटले असतील? खुद्द बेल यांच्या हद्दीत टँगमेअरचा विमानतळ होता. १९४३ साली वायुदलाच्या स्मरणार्थ होणाऱ्या उपासनेत प्रवचन देऊ नये, अशी विनंती त्यांना त्यांच्याच कॅथीड्रलमधून करण्यात आली. चर्चमधील त्यांचे अनेक सहकारी, आर्चबिशप विल्यम टेंपल धरून, या प्रश्नावर त्यांच्यासोबत उभे राहिले नाहीत. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये टेंपल वारले तेव्हा त्यांच्या जागी बेल येतील अशी अनेकांची अपेक्षा होती. नेमणूक जेफ्री फिशर यांची झाली. त्यामागे हेच भाषण होते काय, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत.

मला महत्त्वाचे वाटते ते हे, की या भाषणात जर्मनांविषयी भावुकता नाही. ‘प्रेम’ हा शब्द जवळजवळ अनावश्यक ठरावा इतकी त्याची भाषा कायद्याची, प्रमाणाची आणि आकड्यांची आहे. बेल यांच्या लेखी शत्रूवर प्रेम करणे ही उमाळ्याची गोष्ट नव्हती. शत्रू माणूस आहे, सबब त्याच्याशी काय करता येते याला सीमा आहे, हे राष्ट्राने विसरू नये म्हणून राष्ट्राच्या भर सभागृहात त्याची आठवण करून देणे, असे ते प्रेम होते. आणि ज्या राष्ट्राला ही आठवण करून द्यायची ते आपले आहे, म्हणूनच ती देण्याचा अधिकारही आहे. बेल यांचे शत्रुप्रेम हे या अर्थाने त्यांच्या देशप्रेमाचेच दुसरे नाव होते.

प्रेमाची मर्यादा

२० जुलै १९४४ चा कट फसला. बोन्हॉफर त्याआधीच, एप्रिल १९४३ पासून, कैदेत होते. ८ एप्रिल १९४५ रोजी त्यांना नेण्यासाठी पहारेकरी आले तेव्हा त्यांनी एका सहकैद्याजवळ बेल यांच्यासाठी निरोप ठेवला. आपल्यासाठी हा शेवट आहे पण आरंभही आहे, आणि सर्व राष्ट्रीय हितसंबंधांच्या वर असणाऱ्या ख्रिस्ती बंधुत्वावर आपला बेल यांच्यासोबत विश्वास आहे, असा त्याचा आशय. दुसऱ्या दिवशी फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत त्यांना फाशी देण्यात आले. ईडन यांच्या पत्रातील ‘राष्ट्रहित’ आणि या निरोपातील ‘राष्ट्रीय हितसंबंध’ समोरासमोर ठेवून वाचावेत. निरोप पोचवणारा सहकैदी होता कॅप्टन पेन बेस्ट, व्हेन्लोला पळवून नेलेल्या त्या दोन ब्रिटिश हेरांपैकी एक. ज्या घटनेने ब्रिटिशांचा विश्वास उडवला, तिच्यातलाच माणूस विश्वासाचा शेवटचा दूत ठरला.

चरित्र येथे थांबवले तर ते सुबक होईल. परंतु इतिहास येथे थांबत नाही. युद्धानंतर बेल यांनी जर्मन चर्चशी समेट घडवण्यासाठी अपार श्रम घेतले. ऑक्टोबर १९४५ मध्ये जर्मन प्रॉटेस्टंट चर्चने स्टुटगार्ट येथे अपराधाची कबुली दिली, त्या वेळी ते तेथे हजर होते. पूर्व युरोपातून हाकलल्या गेलेल्या लक्षावधी जर्मनांसाठी त्यांनी आवाज उठवला. परंतु त्याच ओघात युद्धगुन्ह्यांचे खटले लवकर आटोपते घ्यावेत, असा आग्रह त्यांनी धरला आणि फील्ड मार्शल एरिख फोन मानश्टाइन यांच्यावरील खटल्यालाही विरोध केला. मानश्टाइन यांना डिसेंबर १९४९ मध्ये हँबर्ग येथे ब्रिटिश लष्करी न्यायालयाने दोषी ठरवले. ज्या पूर्व आघाडीवर त्यांचे सैन्य होते, तेथे त्याच्या सावलीत ज्यूंची कत्तल झाली होती.

येथे बेल यांचे मूळ सूत्रच त्यांच्यावर उलटले असे म्हणावे लागते. नाझी एक आणि जर्मन दुसरे, हा भेद १९४३ साली धाडसाचा आणि खरा होता. परंतु तोच भेद १९४९ साली सैन्याला आणि चर्चला निर्दोष ठरवण्याच्या उपयोगी पडू लागला. टॉम लॉसन यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात अँग्लिकन चर्चच्या या दृष्टीची कठोर चिकित्सा केली आहे. नाझीवादाकडे प्रामुख्याने ख्रिस्ती धर्मावरील संकट म्हणून पाहिल्यामुळे त्याचा मुख्य बळी, ज्यू, नजरेच्या कडेला राहिला, असा त्यांचा आक्षेप आहे. बेल यांनी युद्धापूर्वी निर्वासितांसाठी आणि १९४३ साली ज्यूंच्या सुटकेसाठी लॉर्ड्समध्ये केलेली भाषणे पाहता हा आक्षेप त्यांना संपूर्णपणे लागू होत नाही. पण तो पुसूनही टाकता येत नाही.

शत्रुप्रेमाच्या चर्चेत नेहमी दोनच पात्रे असतात, मी आणि माझा शत्रू. परंतु इतिहासात बहुधा तिसरेही पात्र असते, ते म्हणजे त्या शत्रूने ज्याला चिरडले तो. त्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार मला कोणी दिला? बेल यांना या तिसऱ्या माणसाचे विस्मरण झाले ते द्वेषाच्या अभावामुळे नव्हे, तर प्रेमाच्या घाईमुळे. आणि याची दुरुस्ती सिग्टुनातच बोन्हॉफर करून गेले होते. जर्मनीवर प्रेम करणारा तो जर्मन जर्मनीसाठी प्रायश्चित्त मागत होता. शत्रूवर प्रेम करणे म्हणजे त्याला मारून टाकू नये इतकेच नाही; त्याला त्याच्या कृत्याचा जबाब देऊ द्यावा, हेही त्यात येते. जबाब मागणे हाही माणूस मानण्याचाच एक प्रकार आहे.

नंतरचे वाचन

१९६७ साली बर्लिनमध्ये रोल्फ होखहुट यांचे ‘झोल्डाटेन’ हे नाटक रंगमंचावर आले. त्यात बेल आणि चर्चिल यांची बॉम्बफेकीवरून समोरासमोर खडाजंगी होते. अशी भेट प्रत्यक्षात झाली नव्हती. लंडनच्या नॅशनल थिएटरच्या नियामक मंडळाने ते नाटक करू दिले नाही. त्यातील चर्चिलविषयीचे काही आरोप निराधार होते हे खरे, पण नकारामागे तेवढेच कारण नव्हते. नाटकांना आश्रय देणारा बिशप स्वतःच नाटकातील पात्र झाला. अलीकडे त्यांच्या कीर्तीला आणखी एक वळण मिळाले. २०१५ साली चर्च ऑफ इंग्लंडने त्यांच्यावरील लैंगिक अत्याचाराच्या एका जुन्या आरोपाबाबत माफी मागितली. २०१७ साली लॉर्ड कार्लाइल यांच्या अहवालाने ती चौकशी सदोष ठरवली आणि २०२१ साली आर्चबिशपांनी त्या हाताळणीबद्दल खेद व्यक्त केला.

ससेक्समधील बर्विक या खेड्यातील लहानशा चर्चमध्ये व्हर्जिनिया वूल्फ यांच्या भगिनी व्हनेसा बेल, त्यांचे पुत्र क्वेंटिन आणि डंकन ग्रँट यांनी युद्ध चालू असताना भित्तिचित्रे रंगवली. तो आग्रहही बिशप बेल यांचाच. नावसाधर्म्य असले तरी त्यांचे परस्परांशी नाते नव्हते. कमानीवरील चित्रात ख्रिस्ताच्या पायाशी एका बाजूला सैनिक, खलाशी आणि वैमानिक गुडघे टेकून आहेत. दुसऱ्या बाजूला खुद्द बिशप बेल आहेत. बॉम्ब टाकणारा आणि बॉम्ब टाकू नका म्हणणारा, दोघेही एकाच भिंतीवर, एकाच ख्रिस्ताखाली. चित्रकारांच्या मनात हा अर्थ होता असे म्हणायचे नाही. पण १९४३ च्या शरद ऋतूत ही चित्रे समर्पित झाली आणि चार महिन्यांनी बेल लॉर्ड्समध्ये बोलायला उभे राहिले. त्या चित्रातला वैमानिक आपला, आणि ज्या शहरावर तो जाणार तेथील लोकही परके नव्हेत, ही दोन्ही वाक्ये एका दमात म्हणता येतात काय, हा प्रश्न त्या भिंतीवर आजही आहे. श्मिटचे उत्तर ‘नाही’ असे होते. बेल यांनी ‘होय’ म्हणून पाहिले, आणि त्याची किंमतही मोजली.